तिप्पटीची हमी

सोमकुवर सरांसमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. पांढुर्ण्याच्या स्टँडवर कंडक्टर सहज म्हणायचा, "या सर, जागा भेटून जाईल बहुतेक." की सर एक पाय पायरीवर ठेवून तिथंच थांबायचे. "बहुतेकचं सोड. वाईटात वाईट काय होईल ते सांग." मागं माणसं खोळंबलेली, कोणाच्या डोक्यावर पोतं, कोणाच्या कडेवर लेकरू, आणि यांची चौकशी चालू. कंडक्टर आधी चिडायचा. मग हसायला लागला. शेवटी शेवटी तर सर दिसले की स्वतःच सांगायचा, "वाईटात वाईट सौंसरपर्यंत उभं राहावं लागंल." सर म्हणायचे, "हां, आता कसं बोलला," आणि चढून खरोखरच सौंसरपर्यंत उभे राहायचे.

त्या बसमध्ये मी त्यांच्यासोबत अकरा वर्षं काढली. ते सौंसरच्या कॉलेजात गणित शिकवायचे, मी तिथल्या संगणकाच्या प्रयोगशाळेत शिकवतो. ते पांढुर्ण्याचे, मी नदीपलीकडच्या सावरगावचा. मी त्यांचा विद्यार्थी नाही, आणि मित्र म्हणवून घ्यायचं तोंड मला उरलेलं नाही. का नाही, तेच सांगायला बसलो आहे.

बुटका माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं लाल फक्त स्वतःच्या चुकांसाठी. पोरांच्या पेपरातल्या चुका ते पेन्सिलीनं दाखवायचे. म्हणायचे, "पोरगं अजून शिकून राहिलं. त्याच्यावर लाल काहून ओढायचं?" डब्यात रोज ज्वारीची भाकर आणि काहीतरी हिरवं. जेवताना बोलायचं नाही, बोलताना बसायचं नाही. फळा पुसायचे तेसुद्धा डावीकडून उजवीकडे, एकसारखे, जणू शेत वखरून राहिले. पोरं मागं हसायची. मीही हसलो आहे.

त्यांचा विषय ऐकला की लोक उठून जायचे, म्हणून तो मला समजला तसाच सांगतो. मला तो संत्र्यांवरून समजला, कारण त्यांनाही तो तिथूनच सुचला होता.

त्यांची आई सौंसरच्या संत्रा बाजारात छटाईला जायची. ताडपत्रीवर माल ओतलेला असायचा, त्याचे चार ढीग लावायचे. एकदा नोव्हेंबरात सरांनी पिशवीभर संत्री वर्गात आणली, टेबलावर ओतली आणि आईची रीत करून दाखवली. पहिलं फळ कोणतंही उचलायचं, तो पहिला नमुना. दुसरा नमुना म्हणजे पहिल्यापासून सगळ्यात वेगळं फळ. तिसरं फळ असं, की आधीच्या दोघांशीही जुळणार नाही. चौथं तसंच. मग उरलेलं प्रत्येक फळ ज्या नमुन्याच्या जवळचं त्याच्या ढिगात. झालं.

"आता दुनियेतला सगळ्यात हुशार माणूस आणा," सर म्हणाले. "त्याले वर्षभर वेळ द्या. तोही चार ढीग लावंल. त्याच्या ढिगातलं सगळ्यात बेमेळ फळ जितकं बेमेळ, त्याच्या दुपटीच्या वर माझ्या आईचं जात नाही. कधीच नाही. हे सिद्ध करता येते." आणि त्यांनी फळ्याच्या एका कोपऱ्यात, सात ओळींत, ते सिद्ध करून दाखवलं.

मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "सर, तुमच्या आईला हे माहीत होतं?"

"तिला ढीग लावून घरी यायचं माहीत होतं. ही हमी मोठ्या मोठ्या लोकांनी आधीच काढून ठेवली होती. मी फक्त ओळखली, की ही तर आपल्या घरची रीत आहे."

ती संत्री मग पोरांनीच खाल्ली. वर्गभर सालं पडली आणि मागं बसून ऐकणाऱ्या मलाच शिपाई बोलला.

आईच्या रीतीला एक अडचण होती. तिला सगळा माल एकदम समोर दिसायचा. आता माल पट्ट्यावरून एकेक फळ पुढं सरकत येतो, थांबत नाही, मागं जात नाही. आणि हे संत्र्यांचंच नाही. सर म्हणायचे, बँकेत, दवाखान्यात, मोबाइलमध्ये, सगळीकडे माहिती अशीच वाहत येते, आणि तिचे ढीग लावणारी यंत्रं झटपट काम करतात, पण वाईटात वाईट किती चुकतील हे कोणी विचारत नाही. तेव्हा सरांनी स्वतःची एक रीत बसवली. हातात फक्त चार नमुने ठेवायचे. नवीन फळ एकदाच पाहायचं. ते फारच वेगळं निघालं तर जुन्यातले दोन नमुने एक करायचे आणि त्याला जागा द्यायची. एवढीच रीत, चपळ आणि सुटसुटीत. त्यांचं म्हणणं होतं, ही रीत उत्तमात उत्तम ढिगांच्या तिप्पटीच्या वर कधी चुकणार नाही. हे 'कधी नाही' सिद्ध करायला त्यांनी अकरा वर्षं घातली. पीएचडी आधीच अर्धवट सुटलेली, मार्गदर्शक वारलेले, निवृत्ती जवळ आलेली. त्यांना या जगात आपल्या नावावर एक हमी पाहिजे होती. दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या बोलण्यात एक वैरी असायचा. या शास्त्रात अशी पद्धत आहे म्हणे: माल देणारा आपला वैरी आहे असं समजायचं. तो तुमची रीत जाणतो आणि मुद्दाम वाईटात वाईट क्रमानं फळं सोडतो. त्याच्यापुढं टिकली तरच हमी. सर बसमध्ये मध्येच म्हणायचे, "काल वैऱ्यानं झोपू नाही दिलं." शेजारच्या बाया दचकून पाहायच्या. त्यांच्या बायको, सुनंदाताई, मला एकदा म्हणाल्या, "अहो ठोंबरे भाऊ, लग्नाले तीस वर्षं झाले. ह्यांच्या मनात माह्यापेक्षा तो वैरीच जास्त राहते." सर पलीकडं बसून पेन्सिलीला टोक करून राहिले होते. म्हणाले, "तो सोडून जात नाही ना पण."

हा वैरी त्यांनी मला नेमला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला आमचं सावरगाव आणि त्यांचं पांढुर्णा जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि एकमेकांना दगड मारतात, तेव्हा मी जन्मानंच त्यांच्या समोरचा. "तू पलीकडचा. तुझ्याइतका लायक कोण भेटणार," असं म्हणत त्यांनी मला कामाला लावलं. मी प्रोग्राम लिहिला. साठ फळांचा संच घ्यायचा, चार नमुने निवडायचे जितके प्रकार आहेत ते सगळे तपासून खरं उत्तम उत्तर काढायचं, मग सरांच्या रीतीचं उत्तर काढायचं आणि दोन्हींची तुलना करायची. एका हिवाळ्याच्या सुटीत आम्ही बाजारात जाऊन खरी फळं मोजली. सर क्रेटमधून एकेक काढून वजन आणि घेर सांगायचे, मी लिहायचो. लोक विचारायचे, "सर्वे चालू हाय काय?" सर सांगायचे, "हो, सरकारचा नाही, माझा."

मी वैरी म्हणून बेकार होतो हे मला तेव्हा कळलं नाही. प्रोग्राममध्ये मी पहिलीच ओळ अशी लिहिली होती, की आधी फळांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून घे. वाटलं, लाख वेळा पिसलं की एकदा तरी वाईट क्रम येईलच. लाखो वेळा पिसलं. रीत दरवेळी टिकली. मी खूष होऊन सांगायचो आणि सर म्हणायचे, "तुझं मशीन थकंल, वैरी नाही थकत. सिद्धता पाहिजे." मग सिद्धता झाली. एकोणतीस पानं. परदेशातल्या एका संशोधन पत्रिकेकडे पाठवली. त्यांनी दोनदा शंका काढल्या, सरांनी दोनदा उत्तरं दिली. दीड वर्ष गेलं.

त्या मंगळवारी प्रयोगशाळेत वीज गेली आणि आली. मी पोरांना दाखवायला सरांच्या रीतीचाच प्रोग्राम उघडला होता, आणि क्रम समजायला सोपा जावा म्हणून ती पिसायची ओळ बंद करून ठेवली होती. वीज आल्यावर ती परत चालू करायला विसरलो. प्रोग्रामनं बाजारातली फळं घेतली, आम्ही क्रेटमधून काढली होती त्याच क्रमानं, आणि पडद्यावर आकडा आला. तिप्पटीच्या वर. साडेतीनच्या जवळ.

आधी वाटलं माझीच चूक. पोरांना घरी पाठवलं. कागद-पेन्सिल घेऊन साठ फळं हातानं करून पाहिली. दोनदा. चूक माझी नव्हती. मी पडद्यावरचा निकाल छापला, कागद घडी करून खिशात घातला, आणि ठरवलं की उद्या बसमध्ये सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत सरांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. पत्रिकेचं पत्र होतं. लेख स्वीकारला. अंतिम प्रत तीन आठवड्यांत पाठवा.

तुम्ही असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी "अभिनंदन सर" म्हटलं. त्या दिवशी ते बसमध्ये बसायला जागा असून उभे राहिले, खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा पाहत. सौंसरला उतरताना कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. पेढे वाटले. शिपायाला दोन दिले. आठवडाभर हा माणूस जेवताना बोलत होता. भाकरीचा तुकडा हातात धरून पोराटोरांना आईच्या गोष्टी सांगत होता, बाजारात ती कशी भांडायची, संत्र्याच्या तेलानं तिची बोटं कशी पिवळी राहायची. मी समोर बसून ऐकत होतो, कागद खिशात. रोज म्हणायचो उद्या. असे नऊ दिवस गेले. मला स्वतःची लाज वाटते, आजही.

दहाव्या दिवशी कॉलेजात सत्काराची सूचना लागली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. रिकाम्या वर्गात त्यांना बोलावलं आणि कागद पुढं केला. म्हटलं, "सर, पिसलं नाही तर मोडतं."

ते कागद घेऊन बसले. आकडा पाहिलाच नाही. म्हणाले, "क्रम दाखव." मी दाखवला. ते बोट खाली नेत गेले. वर मोठी फळं, मग बारीकच बारीक, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा चार मोठी. त्या चारांवर त्यांचं बोट थांबलं. मिनिटही लागलं नसेल.

"तळाची फळं," ते म्हणाले.

सौंसरच्या बाजारात कोणालाही विचारा. क्रेट भरताना वर मोठी फळं ठेवतात, मध्ये बारीक दडवतात. पण घेणारा हात घालून तळ चाचपतो, म्हणून तळाशी पुन्हा दोन-चार मोठी. सरांची रीत मोठ्या फळाचा नमुना आधी धरायची, पुढं बारकांचे नमुने झाले की जागेसाठी तो दुसऱ्यात मिसळून टाकायची. सिद्धतेत एका ठिकाणी गृहीत होतं की मिसळलेल्या नमुन्यासारखं फळ पुन्हा आलं तरी ते फार दूर पडणार नाही. ते पडत होतं.

"माझी आई रोज शिव्या घालायची या तळाच्या फळांना," सर म्हणाले. "रोज. मी तिच्याजवळ बसून अभ्यास करत होतो. आणि वैरी मी परदेशातल्या पुस्तकांत धुंडाळला."

मी म्हटलं, "सर, एक अट घालून देऊ. पिसलेल्या क्रमासाठी म्हणू. बहुतेक क्रमांना तर टिकतेच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. लाल पेन काढलं आणि एकोणतीस पानांतल्या चौदाव्या पानावर एक ओळ खोडली. मग त्याच संध्याकाळी माझ्याच प्रयोगशाळेत बसून, दोन बोटांनी टाइप करत, पत्रिकेला लिहिलं की सिद्धता चुकीची आहे, लेख परत घेतो. मी मागं उभा होतो. पाठवताना त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

सत्कार रद्द करा म्हणून ते प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य म्हणाले, "शाल आली सर, पाहुणे आले. इथं कोणाले समजून राहिलं ते?" तेव्हा सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला. सर माइकपाशी गेले आणि दोनच वाक्यं बोलले. "माझी सिद्धता चुकली आहे. हा सत्कार ज्याच्यासाठी आहे ते अस्तित्वात नाही." मग पाहुणे कौतुकानं मान हलवून म्हणाले, काय नम्र माणूस आहे, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मी वाजवल्या नाहीत. सर हात जोडून टाळ्या थांबायची वाट पाहत होते, आणि त्या थांबत नव्हत्या.

त्यानंतर सहा महिने त्यांनी धडपड केली. तिप्पट नाही तर चौपट. चार नमुने नाही तर आठ. दर सोमवारी ते नवीन रीत आणायचे आणि म्हणायचे, "तपास." आता मला वैरीपण जमायला लागलं होतं. वर मोठी, मध्ये बारीक, तळाशी मोठी. मग थरांचे थर, क्रेटमागून क्रेट. दर बुधवारी मी त्यांना मोडलेला आकडा द्यायचो. एकदा वाटलं खोटा आकडा द्यावा. नाही दिला. एका बुधवारी त्यांनी हात आडवा केला आणि म्हणाले, "नको सांगू आता." ती शेवटची रीत मी तपासली नाही. आजवर तपासली नाही.

निवृत्त झाले तेव्हा निरोपाला फार लोक नव्हते. त्यानंतर बसमध्ये मी एकटा.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो. सुनंदाताईंनी दार उघडलं, हळू आवाजात म्हणाल्या, "बोलत नाही ते. तुम्ही बोलून पाहा." सर पलंगावर बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. दाढी वाढलेली. खिसा रिकामा. टेबलावर वह्यांच्या जागी औषधांचा डबा. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या, कॉलेजच्या, पोरांच्या. मागच्या बाकावरची ती पोरगी नागपूरला गणित शिकायला गेली हे सांगितलं. मला वाटलं हे ऐकून तरी काही होईल. त्यांनी मान हलवली, बस.

चहा आला. तेव्हा ते पडद्याकडं पाहतच म्हणाले, "ठोंबरे, तू दिला त्या कागदावर तारीख होती."

छापताना मशीन वर तारीख टाकतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"नऊ दिवस तू गप्प होता."

"चुकलं सर," मी म्हटलं. मनात इतकी वर्षं साठलेलं सगळं बोलून गेलो. की हिंमत झाली नाही, की पेढे पाहिले, की तुम्ही जेवताना बोलत होता. की ज्या माणसानं आयुष्यभर खरं काय तेवढंच विचारलं, त्याच्यापासून मी खरं लपवलं, याची मला माफी नाही.

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडं तोंड फिरवलं. डोळ्यांत राग नव्हता. एखादी वस्तू मागावी, तसं ते म्हणाले.

"मी दोन वर्षांत निवृत्त होणार होतो. पाच-दहा वर्षांत मरूनही गेलो असतो. तेवढं गप्प राहायला काय झालं होतं तुला?"

सुनंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. सर परत टीव्हीकडं वळले. चहावर साय धरली, मी तसाच कप खाली ठेवला आणि निघालो.

पूल ओलांडला की माझं घर. त्यांच्या दारापासून पायी पंधरा मिनिटं. तेव्हापासून मी तिकडं गेलेलो नाही.